न दिसलेल्या रेषा

आमच्या विद्यापीठाच्या गावात कुणाच्या बोटात काचेचा कण रुतला, सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, की लोक म्हणायचे, "तेक्लाकडे जा, तिला दिसेल." तेक्ला वीकनर मूळची हातमोजे शिवणारी. लग्नात आणि पदवीदानात घालायचे ते पांढरे चामड्याचे मोजे ती असे शिवायची की टाका शोधायला भिंग घ्यावं लागे. पदार्थविज्ञान संस्थेतल्या, तेव्हा तरुण असलेल्या प्रोफेसरांच्या बायकोनं असा एक जोड नवऱ्याला दाखवला. प्रोफेसरांनी मोजे ठेवले बाजूला आणि शिवणारीलाच बोलावून घेतलं. म्हणाले, "मला हे डोळे हवेत. गणित मी शिकवीन." तेव्हापासून ती तिथेच. लग्नबिग्न राहूनच गेलं, केस पांढरे झाले, पण संस्थेतल्या खिडकीजवळच्या त्या टेबलावरून ती हलली नाही.

काम सांगायला सोपं. काचेच्या नळीत थोडासा हायड्रोजन भरायचा आणि त्यातून वीज सोडायची, की नळी गुलाबी पेटते. तो उजेड लोलकातून फाकवला की गुलाबी रंग जातो आणि सुट्या सुट्या रेषा उरतात. एक लाल, एक निळसर, मग जांभळ्या, आणि त्यांच्यापुढे नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या, फक्त फोटोच्या काचेवर उमटणाऱ्या. जितक्या पुढच्या, तितक्या फिकट आणि एकमेकींना चिकटलेल्या. तेक्लानं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, आत ताणलेला कोळ्याचा धागा रेषेच्या बरोबर मधोमध आणायचा आणि बाजूच्या स्क्रूवरचा आकडा वाचायचा. शेजारी लोखंडाच्या ठळक रेषा छापलेल्या असत. त्यांची तरंगलांबी आधीच पक्की ठाऊक, म्हणून त्यांच्यावरून हायड्रोजनच्या रेषेची तरंगलांबी काढता येई. एका काचेला सबंध दिवस जायचा आणि संध्याकाळी मान वळेनाशी व्हायची.

गंमत अशी की याच तरंगलांब्या काही न मोजताही सांगता येतात. कधीकाळी एका शाळामास्तरानं त्यांचं सूत्र बसवलं. तीन, चार, पाच असा कुठलाही आकडा घ्या. त्याचा वर्ग करा. त्या वर्गाला, त्यातूनच चार वजा करून जे उरेल त्यानं भागा आणि एका ठरलेल्या संख्येनं गुणा. तीन घेतले तर पहिली लाल रेषा येते, चार घेतले तर दुसरी, आणि तसंच पुढे. तेक्ला म्हणायची, "देवानं जगात केवढा पसारा मांडून ठेवलाय, पण हायड्रोजन केला त्या दिवशी त्याचं घर आवरलेलं होतं."

म्हणूनच संस्थेत एक कडक रिवाज होता. मोजणाऱ्यानं आधी मोजायचं, सूत्राचं उत्तर नंतर बघायचं. उत्तर आधी माहीत असलं की हात आपोआप तिकडे ओढला जातो, मग मोजण्यात राम उरत नाही. सूत्राचं कोष्टक प्रोफेसरांच्या कपाटात कुलपात असायचं. असायचं खरं, पण जी बाई वर्षानुवर्षं तेच गणित करत आली तिच्या डोक्याला कुलूप कोण घालणार?

सिक्स्टेन हालबूम तिच्याकडे आला तो भाडेकरू म्हणून. तेक्लाच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक ती विद्यार्थ्याला द्यायची. उत्तरेतल्या नदीवर ओंडके सोडणाऱ्या माणसाचा हा मुलगा, पेटीत दोन सदरे आणि वाळवलेलं रेनडियरचं मांस घेऊन आला होता. पहिल्या गुरुवारी तिनं सगळ्या गावासारखं वाटाण्याचं सूप आणि वर धिरडी केली. पोरानं इतकी धिरडी हाणली की शेवटी तिनं तवाच खाली ठेवला.

"तुझ्या गावाला गुरुवार नसतो काय रे?"

"असतो, मावशी. धिरडी नसतात."

तेव्हापासून ती त्याची मावशी झाली. पदार्थविज्ञानाकडे त्यालाही तिनंच वळवलं म्हणायचं. एका रविवारी संस्थेत नेऊन तिनं त्याला नळीतली लाल रेषा दाखवली, आणि तो तिथून निघायलाच तयार होईना. पुढे तो शिकत गेला, प्रबंधाला लागला, तरी खोली त्यानं बदलली नाही. तिला मूल नव्हतं आणि त्याची आई शेकडो कोस लांब होती, तेव्हा दोघांचंही बरं चाललं होतं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "पिकू द्या. कच्चा काढता येत नाही. वर्ष लागेल, कदाचित दोन."

"आणि तोवर मी काय करू?"

"विणकाम करा."

"विणायलाही डोळे लागतात, डॉक्टरसाहेब."

"मग चर्चमधली गाणी म्हणा. ती तर पाठ असतील."

ती घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोजणारीचे डोळे गेले म्हणजे मोजणारीच गेली. तिच्या टेबलावर दुसरी कुणी पोर बसली असती आणि तेक्लाला कुणी तरी आठवड्यातून एकदा केक घेऊन भेटायला आलं असतं. या विचारानंच तिचा जीव अर्धा व्हायचा. शिवाय नेमक्या त्याच हिवाळ्यात सिक्स्टेनच्या काचा तिच्या हातात यायच्या होत्या.

सिक्स्टेनचा प्रश्न असा होता: अगदी पुढच्या, फिकट रेषासुद्धा त्या मास्तराच्या सूत्राला धरून राहतात, की तिथे गेल्यावर जरा घसरतात? त्यासाठी त्यानं पुरुषभर उंचीची नळी स्वतः फुंकून घेतली, तीनदा फोडली, हात भाजून घेतले, आणि शेवटी अशा काचा काढल्या की आमच्याकडे तोवर कुणी काढल्या नव्हत्या. मोजणं अर्थातच मावशीकडे. प्रबंधाला वरचा शेरा मिळाला तर त्याला विद्यापीठात शिकवायची जागा मिळणार होती. नुसता पास झाला तर उत्तरेत कुठेतरी शाळामास्तरकी, आणि नळीबिळी सगळी विसरायची.

माणूस लबाडी करायला एकदम बसत नाही, आधी नुसता टेकतो. तेक्लाचंही तसंच झालं. पहिल्या काचेवर एक रेषा तिला सापडेना. ती कुठे असायला हवी हे तिनं मनातल्या मनात सूत्रावरून काढलं, फक्त कुठे बघायचं ते कळावं म्हणून. तिथे पाहिलं तर काहीतरी करडं होतं. तिनं धागा त्यावर ठेवला. यात काय वाईट, तिनं स्वतःला विचारलं, आपण शोधलं तर खरं. त्याच्या पुढच्या रेषेला करडंही काही नव्हतं, नुसतं धुकं. तिनं डोळे पुसले, दिवा जवळ घेतला, खिडकी उघडून बर्फाचा उजेड आत घेतला. धुकं ते धुकंच. मग तिनं सूत्रातून तरंगलांबी काढली, तरंगलांबीवरून स्क्रूचा आकडा उलटा काढला, धागा तिथे नेऊन थांबवला आणि आकडा वाचला. वाचला म्हणजे काय, आपणच ठेवलेला उचलला.

पुढच्या सगळ्या रेषा तशाच गेल्या. माणसाचा हात इतका नेमका नसतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून शेवटचा आकडा ती कधी थोडा वर लिहायची, कधी थोडा खाली. ते लिहिताना तिला स्वतःची शिसारी यायची. ज्या सूत्राची परीक्षा घ्यायची, त्याच सूत्राकडून ती उत्तरपत्रिका लिहून घेत होती. कुंपणानंच शेत खाल्लं.

सिक्स्टेननं तिचे आकडे सूत्राशी ताडून पाहिले आणि तिला अक्षरशः उचलून गरकन फिरवलं.

"मावशी, एकही रेषा हललेली नाही. एकही. शेवटपर्यंत."

"खाली ठेव मला. अरे, एकदा दुसऱ्या कुणाकडून मोजून घे की."

"कुणाकडून? संस्थेतल्या त्या फोल्केकडून? त्याला स्वतःची टोपी सापडत नाही."

"मग तू बस."

"मी बसलो तर तीन आकडे चुकवीन आणि मग तुमचेच घेईन." तो हसत होता. "तुम्ही मोजलंत ना? मग झालं."

तिनं कॉफी ओतली. कपाबाहेर सांडली ती त्यानं पुसली आणि त्याला काही वाटलं नाही.

आमच्याकडे प्रबंध छापून झाला की तो विद्यापीठाच्या भिंतीवर सगळ्यांच्या देखत खिळ्यानं ठोकतात. जाहीर चर्चेच्या तीन आठवडे आधी ठोकायचा, म्हणजे ज्याला वाचायचं त्यानं वाचावं आणि ज्याला चुका काढायच्या त्यानं काढाव्यात. एकदा खिळा बसला की त्यातला एक शब्द बदलता येत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला, नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला होता तेव्हा, सिक्स्टेन हातोडी घेऊन निघाला आणि मावशीला ओढून घेऊन गेला.

"खिळा तुम्ही धरायचा," तो म्हणाला.

"बोट फोडशील माझं."

"तुमच्या बोटांना मी हात लावीन? त्यांच्यावर तर माझं पोट चालणार आहे."

तिनं खिळा धरला. आता सांगावं, ठोकायच्या आधी सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. मागे दहाबारा पोरं उभी होती, त्याचा मित्र फोल्के रोसांदेर मोठ्यानं काहीतरी गाणं म्हणत होता. हातोडी पडली. खिळा आत गेला आणि टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं. "सिक्स्टेन, बस जरा. मला काही सांगायचंय."

"मलाही. आबांचं पत्र आलंय. दोघं येतायत चर्चेला. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसणार. आईनं विचारलंय, तिथे डोक्याला रुमाल बांधून चालतो का, की हॅट लागते."

"रुमाल चालतो."

"तेच लिहितो. तुम्ही काय सांगत होतात?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिला अजून जवळून दिसायचा, कडा विरलेल्या असल्या तरी. "तुझा तो काळा कोट," ती म्हणाली, "बाहीला उसवलाय. दे इकडे." आणि तो कोट तिनं आंधळ्यासारखा चाचपत शिवला. तीन आठवडे ती रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज दुपारपर्यंत तो धीर गळून जायचा. तिला भूक लागेना. लोकांना वाटलं, पोराच्या काळजीनं वाळतेय बिचारी.

चर्चेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सिक्स्टेन पुढे उंचावर उभा, काळा कोट, छातीवर पांढरा सदरा. तेक्लाच्या एका बाजूला त्याची आई रुमाल बांधून, पलीकडे बाप, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून चर्चमध्ये बसल्यासारखा. आमच्याकडे प्रबंधावर तीन आक्षेपक उभे राहतात. पहिला खराखुरा, बाहेरून बोलावलेला, तो सगळी चिरफाड करतो. दुसरा किरकोळ काही विचारतो. तिसरा असतो मित्र, त्याचं काम फक्त लोकांना हसवायचं.

पहिले आक्षेपक आग्रेल नावाचे, दुसऱ्या विद्यापीठाचे, हळू बोलणारे गृहस्थ. दोन तास त्यांनी सिक्स्टेनला पिळून काढलं. नळीबद्दल विचारलं, दाबाबद्दल विचारलं, आणि शेवटी म्हणाले की शेवटचं प्रकरण हाच या ग्रंथाचा प्राण आहे, तिथले आकडे असामान्य आहेत. ते 'असामान्य' जरा थांबून म्हणाले. तेक्ला पुढचं ऐकायला वाकली. पण ते बसले. दुसरा आक्षेपक उठला आणि दोन छपाईच्या चुका दाखवून बसला.

मग फोल्के उठला. गळ्यात शिंप्याची टेप. लोक तो उठल्याबरोबरच हसायला लागले.

"सज्जनहो," तो म्हणाला, "या ग्रंथातला सगळ्यात मोठा दोष मी शोधून काढलाय. यात दोषच नाही. आमच्या रेषा मोजल्या तर एक इकडे पळते, एक तिकडे. तेक्लामावशींच्या रेषा बघा, पाद्रीबुवांपुढे बसवलेल्या पोरांसारख्या, एकीनं मान वळवलेली नाही. मला दाट संशय आहे की मावशी रेषा मोजत नाहीत, त्यांना दटावतात."

सभागृह खदखदलं.

"माझी विनंती आहे," त्यानं टेप काढून पुढे धरली, "की मावशींनी माझ्या कमरेचं माप घ्यावं. शिंपी दर वर्षी वाढवून सांगतो. मावशी जेवढं असायला हवं तेवढंच सांगतील."

लोक डोळे पुसत हसत होते. सगळ्यांची तोंडं तेक्लाकडे वळली होती एवढं तिला कळत होतं. पहिल्या रांगेत, जिथे आग्रेल बसले होते, तिथून हसण्याचा आवाज येत नव्हता, पानं उलटल्याचा येत होता.

रिवाज असा की तिसऱ्या आक्षेपकाला विनोदानंच उत्तर द्यायचं. सिक्स्टेन मात्र हसला नाही.

"माझे डोळे चुकतील," तो म्हणाला. "मावशींचे चुकणार नाहीत. या पुस्तकात माझी आहे ती नळी. बाकी सगळं त्यांनी पाहिलेलं आहे. फोल्के, तू हसवायला उभा आहेस, हसव. पण यावर मी हसणार नाही."

सभागृहात टाळ्या झाल्या. सिक्स्टेनच्या आईनं तेक्लाचा गार हात धरला. "केवढं मानतो हो तुम्हाला," ती कानाशी म्हणाली. "घरीसुद्धा तुमचंच बोलतो."

तेक्लाला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं. आजवर ती स्वतःला समजावत आली होती की आपण गप्प राहतोय ते पोरासाठी. आता तिला दिसलं की हा सगळ्या गावासमोर तिच्या शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द पोकळ आहे. आज नाही तर पाच वर्षांनी दुसऱ्या गावातला कुणी चांगल्या डोळ्यांचा माणूस त्याच रेषा मोजणार. तेव्हा जाब याला विचारतील. ती तेव्हा असेलच असं नाही.

अध्यक्षस्थानी बसलेले, आता म्हातारे झालेले संस्थेचे प्रोफेसर उठले. "सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे?" हे दर वेळी विचारतात आणि कधी कुणी उठत नाही. बाहेर कॉफी थांबलेली असते. लोकांनी टोप्या उचलल्यासुद्धा होत्या.

तेक्ला उठली.

"मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "सांगायचंय. शेवटच्या प्रकरणातल्या रेषा मी पाहिलेल्या नाहीत."

सभागृह पुन्हा हसलं. फोल्केचा विनोद मावशीनं पुढे नेला असंच सगळ्यांना वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "वा, चौथा आक्षेपक." सिक्स्टेनची आईसुद्धा हसली, इतर हसतात म्हणून.

तेक्ला उभीच राहिली. हसणं ओसरू दिलं.

"मला मोतीबिंदू आहे. हिवाळ्यापासून आहे. काचेवर मला धुकं दिसत होतं. मी सूत्रातून आकडे काढले आणि मोजले म्हणून लिहून दिले. सिक्स्टेनला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या काचा चांगल्या आहेत. त्या कुणीतरी नीट मोजायला हव्यात."

आता कुणी हसत नव्हतं. सिक्स्टेनच्या आईनं तिचा हात सोडला. तेक्ला समोर पाहत होती. उंचावर एक पांढरा डाग होता, ती त्याची छाती. त्याच्या वर चेहरा असणार. तो रागावलाय की रडतोय की आणखी काही, हे तिला इतक्या लांबून दिसत नव्हतं. जन्मात कुठलीही रेषा पाहायला ती इतकी तडफडली नव्हती.

"मग शेवटचं प्रकरण उरत नाही," आग्रेल म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "प्रबंध पास होईल. त्यापलीकडे काही म्हणता येणार नाही."

मग सिक्स्टेनचा आवाज आला, अगदी कोरडा.

"कोणत्या रेषा, मावशी?"

"दहावीपासून पुढच्या."

पुस्तक उघडल्याचा आवाज झाला. मग पेन्सिलीचा. एक रेघ, थोडं थांबून दुसरी, मग तिसरी. सभागृह इतकं शांत होतं की प्रत्येक रेघ ऐकू येत होती. त्याच्या बापानं हळूच बायकोला विचारलं, "काय खोडतोय तो?"

पेन्सिल थांबली.

"आणि नववी?" सिक्स्टेननं विचारलं. "तिचाही आकडा तितकाच नेमका आहे."

"नववी मला दिसली होती," तेक्ला म्हणाली. "फिकट होती, पण दिसली होती. तिच्यावर मी कितीतरी सकाळी घालवल्या. ती मी खरंच मोजली आहे रे. ती राहू दे."

मग नववीवरूनही पेन्सिल ओढल्याचा आवाज तिला आला.